गाडीचं पाणी कुठं जातंय? आधी शोधा, मग पार्ट बदला



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, फिरून विषय शेतावरच येणार आहे.

आमची जुनी डिझेल पिकअप आहे. टोमॅटोचे तोडे चालू झाले की तिला उसंत नसते. जवळचा माल नारायणगावच्या मार्केटला, आणि भाव बरा दिसला की वाशीला. वाशीचा रस्ता आपल्या भागातल्यांना पाठ आहे. ओतूरवरून माळशेज उतरायचा, मग मुरबाड, कल्याण, शिळफाटा, महापे. रात्री निघायचं, पहाटेच्या आत मार्केटात लागायचं.

मागच्या उन्हाळ्यात ही गाडी पाणी प्यायला लागली. चार-पाच दिवस झाले की कूलंटची टाकी खाली. बरं, गळतंय म्हणावं तर खाली थेंब नाही. घरातली म्हणाली, "अहो, अंगण रोज मी झाडते. गाडीखाली ओल असती तर मला दिसली नसती का?" तिचं बरोबर होतं. मग पाणी जातंय कुठं?

एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला मला अडीच महिने लागले. १०,६०० रुपये पार्टमध्ये गेले, टोमॅटोची एक खेप पडत्या भावात गेली आणि एक चांगला माणूस तुटला. उत्तर सापडलं तेव्हा पार्टची किंमत होती ६२० रुपये.

आधी काय काय केलं ते सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

आमच्या गॅरेजवाल्याची माझी वीस वर्षांची ओळख. त्यानं बोनेट उघडलं आणि म्हणाला, "नाना, झाकण गेलंय." रेडिएटरचं झाकण बदललं, २५० रुपये. आठ दिवसांनी टाकी पुन्हा खाली. "मग वॉटर पंप असणार." पंप आणि मजुरी मिळून ३,६००. पुन्हा तेच. मग रेडिएटर उतरवला. रेडिएटरवाल्याकडं टाकी उघडून नळ्या साफ केल्या, दोन ठिकाणी डाग मारला, ४,५०० रुपये. मध्येच कुणीतरी गळती बुजवायची पावडर सांगितली, तीही ३०० ची आणून टाकली. गावातल्या एका म्हाताऱ्यानं रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. खोटं कशाला बोलू, तीही टाकली. दर वेळी उघडझाक झाली की थोडं नवं कूलंट, त्याचे १,९५०. आणि सगळ्यात शेवटी, "वॉल्व्हच काढून टाकू, पाणी मोकळं फिरेल," म्हणून थर्मोस्टॅटही काढून फेकला.

एवढं करून पाणी जायचं ते जातच होतं. मग तो म्हणाला, "नाना, आता एकच राहिलं. हेड गॅस्केट. हेड उतरवावं लागंल. फेसिंग, गॅस्केट, मजुरी, ३८,००० धरून चला."

३८,००० म्हणजे माझ्या एक एकर टोमॅटोची तार, बांबू, सुतळी आणि बांधणीची मजुरी. तोडे चालू असताना एवढे पैसे काढायचे कुठून? मी म्हटलं, हंगाम उरकू दे, मग बघू.

हंगाम उरकायच्या आधी शिळफाटा आला.

त्या रात्री ६५ क्रेट भरून गाडी वाशीला निघाली. शिळफाट्याच्या जाममध्ये काटा लालला लागला. पोरानं, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनं, गाडी लगेच बाजूला घेऊन बंद केली. थंड व्हायला वेळ दिला, मग पाणी भरलं आणि हळूहळू वाशी गाठली. तोवर बाजार उतरून गेला होता. क्रेटमागं १२० रुपये कमी मिळाले, म्हणजे ७,८०० रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी घरी आली तेव्हा मी त्या पोराला चारचौघांत झापला. "पाणी न बघता गाडी काढतोस. फुकटची गाडी आहे का?" तो एवढंच म्हणाला, "नाना, निघताना टाकी भरून निघालो होतो." मी म्हटलं, "मग पाणी काय भुतानं प्यालं?" तो गप्प बसला. संध्याकाळी चावी ओट्यावर ठेवून गेला. तीन वर्षं गाडीवर होता. कधी एक खरचटा नाही, कधी डिझेलचा हिशेब चुकला नाही.

मी मनात म्हटलं, गेला तर गेला.

पुढं काय झालं ते ऐका. हेड उतरवायच्या आधी दुसरं मत घ्यावं म्हणून मी आळेफाट्याला एका तरुण मेकॅनिककडं गेलो. पोरगा चाकणला कंपनीत काम करून आलेला. तो म्हणाला, "आधी बघायचे ५०० रुपये. सापडलं तरी ५००, नाही सापडलं तरी ५००. दुरुस्ती वेगळी." मला राग आला. नुसतं बघायचे ५००? पण ३८,००० डोळ्यांपुढं होते, म्हणून हो म्हटलं.

त्यानं बोनेटला हातच लावला नाही. आधी विचारलं, "पाणी केव्हा जातं?"

मी म्हटलं, "रोजच जातं."

"गाडी उभी असली तरी जातं? नारायणगावला गेली तरी जातं? का वाशीला गेल्यावरच?"

मला उत्तर देता येईना. मालक मी, पण गाडी चालवणारा दुसरा. इन्शुरन्सचा कागद काढायला म्हणून डॅशबोर्डचा कप्पा उघडला तर आत डिझेलच्या पावत्यांचा गठ्ठा, रबर लावलेला. पावत्यांच्या मागं पेनानं लिहिलेलं. अक्षर त्या पोराचं.

"नारायणगाव. पाणी बरोबर." अशा पाच-सहा पावत्या. "वाशी. येताना घाट चढल्यावर दीड लिटर टाकलं." "वाशी. एक लिटर. घाटात केबिनमध्ये गोड वास येतो." "दोन दिवस गाडी उभी. पाणी बरोबर." तारखा आणि किलोमीटरसकट.

मेकॅनिकनं सगळ्या पावत्या वाचल्या आणि म्हणाला, "नाना, हा कोण माणूस आहे? यानं निम्मं काम करून ठेवलंय."

मी काय बोलणार?

मग त्यानं समजावून सांगितलं, ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. इंजिनातलं पाणी नुसतं गरम होत नाही, ते दाबाखाली असतं. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते, ती ठरलेल्या दाबापर्यंत वाफ अडवते. आमच्या झाकणावर ०.९ लिहिलंय, म्हणजे ०.९ बार, साधारण १३ पौंड. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशाला उकळतं. एवढ्या दाबात तेच पाणी १२० अंशाच्या जवळपास गेल्याशिवाय उकळत नाही. घरच्या कुकरचंच तत्त्व. आता एखादं भोक सुईच्या टोकाएवढं असेल, तर गाडी उभी असताना, थंड असताना ते गळतच नाही. घाट चढताना इंजिन तापलं, दाब चढला की तिथून पाणी फवारल्यासारखं निघतं. ते पडतं गरम लोखंडावर, आणि जागेवर वाफ होऊन जातं. गाडी घरी येईपर्यंत सगळं कोरडं. अंगणात ओल दिसणार कशी?

आपली भरलेली गाडी माळशेज उतरते आणि रिकामी चढते, म्हणून आम्ही म्हणायचो की रिकाम्या गाडीला कसला ताण. पण त्या महिन्यात परतीला भाडं मिळत होतं, गाडी घाटात भरूनच चढत होती. हेही पावत्यांवर लिहिलेलं होतं.

गाडी रात्री त्याच्याकडं ठेवली. सकाळी सहाला इंजिन पूर्ण थंड असताना त्यानं झाकण काढून तिथं एक हातपंप बसवला. सायकलच्या पंपासारखाच, वर घड्याळ असलेला. हवा मारली, काटा १३ वर आणला आणि थांबला. इंजिन बंद, सगळं शांत. पाच मिनिटं काटा जागचा हलेना. मी म्हटलं, गेले ५००. तो म्हणाला, "थांबा." दहाव्या मिनिटाला काटा बारावर आला.

मग टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला दांडीचा छोटा आरसा घेऊन तो इंजिनाच्या मागं, केबिनच्या पत्र्याकडं शोधायला लागला. तिथं हीटरला जाणारी एक लोखंडी नळी आहे. हीटर आम्ही जन्मात लावला नाही, तो गाडीत आहे हेच विसरलो होतो. त्या नळीवर रबरी होज बसतो, त्याच्या क्लिपखाली एक थेंब धरत होता. त्याच्याभोवती पांढरी-तांबूस खपली, आणि बरोबर खाली सायलेन्सरचा पाइप. थेंब पडला की चर्र.

होज ओढून काढला. आतली नळी गंजून खाल्लेली, बोटानं चाचपली तर खड्डे लागत होते. त्यातला एक आरपार.

त्यानं हेडचीही तपासणी केली. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडावर निळं औषध असलेली नळी धरली. हेड गॅस्केट फुटलं असेल तर जळलेला वायू पाण्यात येतो आणि त्या औषधाचा रंग बदलतो. रंग निळाच राहिला. म्हणजे ३८,००० वाचले.

नळी, होज आणि दोन क्लिपा ६२०. मजुरी ४००. सगळं धुऊन नवीन कूलंट १,३००. तपासणीचे ५००. एकूण २,८२०. थर्मोस्टॅट नवा बसवला त्याचे पैसे वेगळे, कारण तो मीच काढायला लावला होता. इंजिन कायम थंड चाललं तर डिझेल जास्त खातं आणि झिजतंही लवकर. तो "वॉल्व्ह" उगाच बसवलेला नसतो.

गाडीतून निघालेलं पाणी त्यानं बादलीत धरलं होतं. तांबडं, गढूळ, तळाला पांढरी चुरी, वर पावडरीचा आणि हळदीचा गाळ. म्हणाला, "नाना, ही गाडी पाणी कुठलं पिते?"

बोअरचं. दुसरं कुठलं असणार? दोन वर्षांपूर्वी मीच पोराला सांगितलं होतं, "कूलंटला कशाला पैसे घालायचे, बोअरचं टाक."

आता बघा गंमत. त्याच बोअरच्या पाण्यानं आमच्या ड्रिपरला क्षार धरतात, म्हणून आम्ही ठिबकमधून ॲसिड सोडतो. पाणी तपासून आणलंय, जड आहे हे माहीत आहे. फवारणीसाठीसुद्धा ते पाणी आम्ही तसंच वापरत नाही. आणि तेच पाणी दोन वर्षं इंजिनाच्या पोटात ओतत होतो. कूलंटमध्ये गंज रोखणारं औषध असतं. साधं पाणी टाकत गेलं की ते पातळ होत जातं आणि लोखंड उघडं पडतं. भोक गाडीनं पाडलं नाही, गॅरेजवाल्यानं नाही, पोरानंही नाही. भोक मी पाडलं.

आता माझं मत सांगतो, त्यासाठीच हे सगळं लिहिलं.

मी रागारागानं जुन्या गॅरेजवाल्याकडं गेलो होतो. ऐकवायचं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "नाना, वीस वर्षांत शोधायचे पैसे तुम्ही मला कधी दिलेत? मागं एकदा दोन तास वाकून बघितलं आणि सांगितलं, नुसती क्लिप ढिली होती, तर तुम्ही 'एवढंच का' म्हणून निघून गेलात. पार्ट बदलला की मजुरी मिळते. मला पण घर आहे."

मला उत्तर सुचलं नाही. कारण ते खरं आहे.

आपण शोधायचे पैसे देत नाही. वस्तूचे देतो. हातात नवीन पंप दिसला, डबा दिसला, बाटली दिसली की ३,६०० काढून देतो. पण कुणी म्हणालं, "तपासायचे ५००," तर तो लुटारू. मग समोरचा माणूस काय करणार? तो तपासणी फुकट करतो आणि पैसे वस्तूत वसूल करतो. म्हणजे वस्तू विकली गेलीच पाहिजे, लागो न लागो.

शेतात याहून वेगळं चाललंय का? टोमॅटोचं पान पिवळं पडलं की आपण एक पान खुडून दुकानात जातो. दुकानदार काउंटरवरून बघतो आणि तीन बाटल्या देतो. एक बुरशीची, एक किडीची, एक टॉनिक. सल्ला फुकट. झाकण, पंप आणि रेडिएटर एकाच दिवशी बदलल्यासारखंच की हे. पीक सुधारलं तर कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि नाही सुधारलं तर पुढची बाटली तयारच असते.

पान पिवळं पडायला मॅग्नेशियम कमी असेल, पाणी जास्त झालं असेल, मुळांना सूत्रकृमीच्या गाठी असतील, नाहीतर व्हायरस असेल. वरून चारही सारखीच दिसू शकतात, उपाय मात्र चौघांचे वेगळे. एक झाड उपटून मुळं धुऊन बघितली तर गाठी डोळ्यांनी दिसतात. किती जण उपटतात? फवारा मारायला जेवढा वेळ जातो, त्याच्या दहाव्या हिश्श्यात हे काम होतं.

२०२० चा उन्हाळा आपल्या जुन्नर भागाला आठवत असेल. टोमॅटोवर लाल, पिवळे, फिके चट्टे आले, लोक "तिरंगा" म्हणायला लागले. फवारण्यांवर फवारण्या झाल्या. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा त्यात व्हायरस निघाले, काकडीवरचा मोझॅक व्हायरसही होता. व्हायरस झाडात शिरला की त्याला बरं करणारा फवारा नसतो. झाड उपटणं, पसरवणारी कीड रोखणं, रोपं स्वच्छ घेणं, हेच हातात असतं. त्या वर्षी बुरशीनाशकावर घातलेला पैसा म्हणजे माझ्या वॉटर पंपाचा भाऊ.

काही जण म्हणतील, "नाना, गरीब शेतकऱ्यानं तपासणीला पैसे कुठून आणायचे?" प्रश्न खोटा नाही. पण माझा हिशेब समोर आहे. तपासणीचे ५०० वाचवायला मी १०,६०० घातले, वर बाजारात ७,८०० गेले. १८,४०० रुपये. एवढं महाग फुकट मी आयुष्यात घेतलं नव्हतं. ज्याच्याकडं पैसे कमी, त्याला तर अंदाजानं खर्च करणं अजिबात परवडत नाही.

आणि हे वाचणाऱ्या कृषी पदवीधर पोरापोरींनाही सांगतो. तुम्ही शेतावर या, झाड उपटा, मुळं बघा, माती बघा, आणि त्याची फी उघड मागा. बाटलीच्या कमिशनवर जगू नका. आम्ही कुरकुर करू, पण देऊ. एकदा पैसे वाचलेले दिसले की शेतकरी विसरत नाही.

आता ज्यांच्या गाडीचं पाणी जातंय त्यांच्यासाठी, शोधायचं कसं ते क्रमानं लिहितो. मी मेकॅनिक नाही. जे डोळ्यांनी बघितलं आणि विचारून घेतलं तेवढंच.

१. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटला की १०० च्या वर तापलेलं पाणी एकदम उसळतं, तोंड-हात भाजतात. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

२. टाकीवर मार्करनं खूण करा. पाणी कधी टाकलं, किती टाकलं, किलोमीटर किती, गाडी कुठं गेली होती, हे लिहा. पावतीच्या मागं लिहिलं तरी चालतं.

३. थंड गाडीला टॉर्च घेऊन फिरा. ओल शोधू नका, खपली शोधा. पांढरी, हिरवट किंवा तांबडी. पाणी वाळतं, खूण राहते. प्रत्येक होजचं तोंड, क्लिपा, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, रेडिएटरचे कोपरे, आणि हो, मागची हीटरची नळी. तुमच्या गाडीत हीटर आहे हे आठवा.

४. काही क्लिपा उलट वागतात. गरम असताना घट्ट, पहाटे गारठ्यात ढिल्या. रात्री इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी ज्या जागी डाग, त्याच्या वर बघा.

५. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून चिकट वाफ, पायाखालची मॅट ओली, तर हीटरकडं संशय धरा.

६. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही गोड वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली चहात दूध घातल्यासारखा रंग, रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे, ही आतल्या गळतीची लक्षणं. ऑइलमध्ये पाणी दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका. पण पांढरा धूर म्हणजे हेडच असं नाही. अलीकडच्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर असतो, तो आतून फुटला तरी तसाच धूर येतो. हेड उतरवायच्या आधी तो तपासायला सांगा. काढून त्याचं एक तोंड बंद करायचं, हवा भरून पाण्यात बुडवायचं, ट्यूबचं पंक्चर बघतो तसं.

७. प्रेशर टेस्ट थंड इंजिनावर करून घ्या. झाकणावर जेवढा आकडा लिहिलाय तेवढाच दाब, जास्त नाही. पंधरा मिनिटं तरी थांबा. घाई केली असती तर माझंही भोक सापडलं नसतं.

८. कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या, नुसत्या रंगावर जाऊ नका. घट्ट असेल तर बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. वाटेत अडलात तर साधं पाणी टाकून घरी या, पण घरी आल्यावर ते बदला.

९. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं. कुत्रं, वासरू, लहान पोर तोंड लावू शकतं. कॅनमध्ये बंद करा, ओढ्यात-विहिरीकडं सोडू नका.

आम्ही चौघांनी मिळून तसला हातपंप आता विकत घेतलाय. ट्रॅक्टरलाही चालतो. ज्याला लागेल त्यानं घरून घेऊन जावा, फक्त परत आणून द्यावा.

शेवटचं एक राहिलं.

त्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन मी पोराच्या घरी गेलो होतो. त्याची आई दारात होती, तो आत जेवत होता. मी म्हटलं, "बाळा, चूक माझी होती. पाणी मीच खराब टाकायला लावलं आणि तुलाच बोललो." तो म्हणाला, "जाऊ द्या नाना. पण चारचौघांत बोलायला नको होतं." मी म्हटलं, "लिहून ठेवलं होतंस तर मला दाखवलं का नाहीस?" तर म्हणाला, "दोनदा सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, तू गाडी चालव, बाकी आम्ही बघतो."

मला आठवत नाही मी असं म्हणालो होतो. पण म्हणालो असणार. आपण म्हणतोच.

तो आता दुसऱ्याच्या गाडीवर आहे, पगार माझ्यापेक्षा जास्त मिळतो. परत आला नाही, आणि मी आग्रहही केला नाही. नवीन ड्रायव्हर ठेवलाय, त्याला पहिल्या दिवशी एक वही आणि पेन दिलाय. दर शनिवारी ती वही मी वाचतो.

गाडी असो, पीक असो, बिघाड पहिल्यांदा दिसतो तो रोज हात लावणाऱ्याला. खुरपणाऱ्या बाईला पानाखालची कीड आपल्याआधी दिसते. तिला विचारा, पोराला विचारा, मग गॅरेजला आणि दुकानात जा. आणि तपासणाऱ्याला त्याचे ५०० द्या.

राम राम.